कणाइतकेच वेष्टनही पाहा : धातुकल्प आणि ‘नॅनो’ हा शब्द

गेल्या दोन दशकांत आपल्या व्यवसायात ‘नॅनो’ हा शब्द फार वेगाने रूढ झाला आहे. औषधनिर्मात्यांची माहितीपत्रके, परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिका, पदव्युत्तर प्रबंधांची शीर्षके, सर्वत्र तो आढळतो. भस्म म्हणजे प्राचीनांचे नॅनो औषध, असे समीकरण आता इतके पक्के झाले आहे की त्यावर शंका घेणे म्हणजे शास्त्रावरच शंका घेणे, असे मानले जाते. आम्हांस मात्र हे समीकरण अपुरे वाटते. आणि केवळ अपुरे नव्हे, तर रुग्णाच्या दृष्टीने काहीसे धोक्याचेही वाटते. नॅनोविज्ञानाने गेल्या दीडशे वर्षांत जी मुख्य गोष्ट शिकविली ती ‘धातूचा कण लहान असतो’ ही नव्हे. लहान कण लहान राहत नाही, तो राहावा म्हणून त्याला वेष्टन द्यावे लागते, आणि त्या वेष्टनानुसार त्याचे गुणदोष बदलतात, ही ती गोष्ट होय. आपण पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. या लेखाचा विषय तो सोडलेला भाग आहे.

आम्ही करमाळा तालुक्यातील जेऊर येथे चिकित्सा करतो. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील हे गाव. एका अंगाला उजनी धरणाचा फुगवटा, त्याच्या पाण्यावर ऊस आणि केळी, तर दुसऱ्या अंगाला कोरडवाहू रान. येथील रुग्णांना औषधे पुण्याहून येतात, सोलापूरहून येतात, हल्ली दूरदर्शनवरील जाहिराती पाहून टपालानेही येतात. डबीवर ‘नॅनो’ असे छापलेले असले की रुग्ण विचारतो, ‘‘म्हणजे हे जास्त लागू पडेल ना?’’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर वैद्याला कणाच्या वेष्टनाचा विचार माहीत असणे आवश्यक आहे. तो विचार अवघड नाही. किंबहुना त्याचे मूळ आपल्या परसातील बाभळीपर्यंत पोहोचते.

शाईची दौत आणि डिंक

पोथ्या लिहिण्याची जुनी काळी शाई कशी करीत, हे अनेक ज्येष्ठ वाचकांस ठाऊक असेल. दिव्याचे काजळ घ्यावयाचे, त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घालावयाचे आणि दीर्घकाळ घोटावयाचे. काजळ नुसत्या पाण्यात टाकले तर ते तरंगते अथवा गुठळ्या होऊन बसते. डिंकाबरोबर घोटले तर ते पाण्यात एकजीव होते आणि दौतीत दीर्घकाळ तसेच राहते. काजळाचा मूळ कण अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो. घोटण्याने गुठळ्या फुटतात आणि डिंक त्या पुन्हा होऊ देत नाही. ही दोन्ही कामे स्वतंत्र आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मर्दन हे पहिले काम करते; दुसरे काम मर्दनाने होत नाही.

डिंक हे निसर्गातील पॉलिमर, म्हणजे बहुवारिक आहे. एकाच प्रकारच्या अथवा थोड्या प्रकारच्या लहान रेणूंची लांब साखळी असे त्याचे स्वरूप असते. डिंकात ती मुख्यतः शर्करांची असते. अशी साखळी कणाच्या पृष्ठावर ठिकठिकाणी चिकटते आणि तिची मोकळी टोके सभोवतालच्या द्रवात पसरतात. दोन कण जवळ येऊ लागले की या टोकांची दाटी होते, त्यांना हालण्यास जागा उरत नाही, आणि कण परस्परांपासून दूर लोटले जातात. वेष्टन नसेल तर उलट घडते. कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. आणि मोठा पृष्ठभाग ही अस्थिर अवस्था असल्याने कण एकमेकांना बिलगून तो कमी करू पाहतात. म्हणजे सूक्ष्मता हा कणाला कायमचा लाभलेला गुण नसून, ती राखावी लागते.

येथे एक बारकावा सांगणे इष्ट होईल. डिंक पुरेसा असेल तर तो कणांना अलग ठेवतो. पण अगदीच अपुरा असेल तर एकच साखळी दोन-तीन कणांना चिकटून त्यांना जोडून टाकते आणि गुठळी अधिकच लवकर होते. तेव्हा ‘थोडा तरी डिंक आहे ना’ असे म्हणून भागत नाही. मात्रा महत्त्वाची आहे. आणि मात्रेचे महत्त्व वैद्यास सांगण्याची गरज नाही.

सुवर्णाने दिलेला धडा

१८५७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सुवर्णाच्या क्षारापासून माणकासारखे लाल द्रव तयार केले आणि तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, हे ओळखले. त्यात मीठ टाकले की लाल रंग निळसर होई आणि पुढे सोने तळाशी बसे. जिलेटिनसारखा चिकट पदार्थ आधी मिसळलेला असेल तर मात्र हा बदल टळे. पुढे रिचर्ड झिगमॉन्डी यांनी या संरक्षणाचे मोजमाप ठरविले. सोन्याच्या १० मिलिलिटर लाल कलिलात १० टक्के मिठाचे पाणी १ मिलिलिटर टाकले असता रंग बदलू नये, यासाठी संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, तो त्याचा ‘सुवर्णांक’. अंक जितका लहान तितके संरक्षण अधिक. जिलेटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१, अरबी डिंकाचा ०.१५ ते ०.२५, तर बटाट्याच्या पिष्टाचा सुमारे २५ येतो. झिगमॉन्डी यांना कलिलांवरील कार्यासाठी १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या आकड्यांचा आपल्याशी संबंध असा की, आपण देतो तो कल्प पोटात जातो, आणि पोटात आम्ल व क्षार दोन्ही असतात. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात कण कितीही सूक्ष्म दिसला, तरी आमाशयात तो सूक्ष्मच राहील याची हमी नाही. ती हमी वेष्टन देते, किंवा देत नाही. म्हणून ‘सूक्ष्मदर्शकाखाली अमुक नॅनोमीटरचे कण आढळले’ या एका वाक्याने औषधाबद्दल फारच थोडे कळते.

वेष्टन चांगले असले म्हणजे औषध निर्धोक झाले, असेही नाही. १९०२ साली अमेरिकेत बार्न्स आणि हिले यांनी रौप्य प्रथिनात बांधून एक औषध तयार केले. ते ‘अर्गिरॉल’ या नावाने नेत्ररोगांत आणि नवजात अर्भकांच्या डोळ्यांत घालण्यासाठी कित्येक दशके वापरले गेले. पृष्ठावर, अल्पमात्रेत ते उपयोगीही ठरले. परंतु रौप्यकल्प दीर्घकाळ पोटात घेणाऱ्यांची त्वचा कायमची राखाडी-निळी झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, चिठ्ठीशिवाय विकली जाणारी कलिल रौप्याची औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. कण तोच, वेष्टनही उत्तम. पण मार्ग आणि काल बदलताच फलही बदलले.

शेजारच्या दवाखान्यातील लोह

याच तत्त्वावर आधारलेले एक औषध आज ग्रामीण रुग्णालयांत नित्य वापरले जाते, आणि आपल्यापैकी अनेकांच्या रुग्ण स्त्रियांनी ते घेतलेले असते. ते म्हणजे शिरेतून दिले जाणारे आयर्न सुक्रोज. त्यात लोहाच्या संयुगाचा अतिसूक्ष्म गाभा असून त्याभोवती शर्करेचे वेष्टन असते. पोटात घेण्याच्या आयर्न पॉलिमाल्टोजमध्ये हेच काम माल्टोजची लांब साखळी करते. २००९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फेरुमॉक्सिटॉलमध्ये लोहाच्या ऑक्साइडचा कण शर्करेपासून बनविलेल्या बहुवारिकात गुंडाळलेला असतो. बहुवारिकाने स्थिर केलेला धातुकण ही गोष्ट भविष्यकाळातील नव्हे. ती आपल्या शेजारच्या दवाखान्यातील कपाटात आहे.

या औषधांचा इतिहास बोलका आहे. लोह तेच असताना डेक्स्ट्रान या बहुवारिकाचे वेष्टन असलेल्या जुन्या सूचीवेधांनी काही रुग्णांत तीव्र, क्वचित प्राणघातक प्रतिक्रिया घडविल्या. म्हणून आधी चाचणीमात्रा देण्याचा दंडक आला. वेष्टन बदलल्यावर तो धोका कमी झाला. म्हणजे औषधाचा दोष गाभ्यात नव्हे, वेष्टनात होता. ‘लोह आहे’ एवढे सांगून वैद्यकाचे काम तेथे संपले नाही. लोह कशात गुंडाळले आहे, हे विचारावे लागले.

पांडुरोगाचा प्रश्न आपल्या भागात किती मोठा आहे, हे वेगळे सांगावयास नको. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. नवायस लोह, धात्री लोह, पुनर्नवा मंडूर हे कल्प आपण याच स्त्रियांना देतो, आणि अनेकदा समाधानकारक उपशयही पाहतो. चरकाने रसायनाध्यायात लोहाची पातळ पत्रे तापवून त्रिफळा क्वाथादिकांत विझवावयास, त्याचे चूर्ण मध व आमलकीरसात कालवून घृताने माखलेल्या कुंभात वर्षभर ठेवावयास सांगितले आहे. लोह, शर्करा आणि आमलकीतील कषाय द्रव्ये यांचा असा वर्षभराचा सहवास घडल्यावर लोहकणावर कसले वेष्टन तयार होते? हा खरा, आजच्या प्रयोगशाळेत सोडविता येण्याजोगा प्रश्न आहे. ‘चरकाला नॅनो माहीत होते’ हे विधान आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तो प्रश्न टाळण्याची ती सोय आहे.

पुण्यात झालेले काम

असे प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगशाळा दूर परदेशातच आहेत, असे नाही. आमच्या गावाहून रेल्वेत बसले की थेट पुण्यास उतरता येते, आणि या विषयातील काही महत्त्वाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात सुवर्ण व रौप्य यांच्या क्षारांपासून थेट धातूचे अतिसूक्ष्म कण बनवून दाखविले. काढ्यातील द्रव्येच क्षारातून धातू वेगळा करतात आणि तीच कणाच्या पृष्ठावर राहून त्याला सावरतात, असे त्यांचे निरीक्षण होते. गवती चहा आणि कोरफड यांच्या साहाय्यानेही त्यांनी सुवर्णाचे त्रिकोणी कण मिळविले. आपल्या भावनाद्रव्यांच्या यादीतील नावे एका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून अशी पुढे यावीत, ही आनंदाची गोष्ट आहे.

आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी रौप्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून जखमांवर लावण्याचे जेल विकसित केले. त्याचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. जेल म्हणजे स्वतःच बहुवारिकाचे पाण्याने भरलेले जाळे. त्यात अडकलेला कण जागचा हलत नाही आणि रौप्य हळूहळू सुटत राहते. याच संस्थेचा सहभाग असलेल्या २००७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात स्वर्णभस्म आणि कलिल सुवर्ण यांचा विचार एकत्र केला गेला, आणि स्वर्णभस्माचे वर्णन तेथे ‘सूक्ष्मकणात्मक’ असे करण्यात आले. हा शब्दभेद आपण दुर्लक्षू नये. भस्माचा कण आतून अतिसूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो; पण ते स्फटिक एकमेकांना घट्ट जुळून त्यांचे मोठे कण झालेले असतात. कलिलातील कण अलग अलग असतो. एक दगडी बांध, दुसरी सुटी वाळू. दोन्हींचे मूलद्रव्य एक, तरी वर्तन एक नाही.

बहुवारिक, धातुकण आणि तिसरे घन द्रव्य यांचे संमिश्र केले तर काय साधते, याचे सुंदर उदाहरण आय. आय. टी. मद्रासच्या थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने २०१३ साली दिले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान हे बहुवारिक आणि अॅल्युमिनियमचे संयुग यांच्या दाणेदार पिंजऱ्यात त्यांनी रौप्यकण बसविले आणि त्यावर पिण्याचे पाणी जंतुरहित करण्याचे साधन उभारले. नैसर्गिक पाण्यातील क्षारांनी रौप्यकणावर पुटे चढतात व त्याचे कार्य थांबते. हा अडथळा पिंजऱ्याने दूर केला, आणि पाण्यात सुटणारे रौप्य लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत राखले. ज्या तालुक्यात विहिरींचे पाणी मचूळ लागते, तेथील वैद्यास या कामाचे मोल लगेच उमगेल. येथेही यश कणाचे जितके, तितकेच त्याला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे आहे.

आपले कल्प : अग्नीच्या आधी आणि अग्नीनंतर

आता आपल्या शास्त्राकडे वळू. काही लेखांत असे प्रतिपादन वाचावयास मिळते की, भावना दिलेल्या वनस्पतिरसातील बहुवारिके भस्माच्या कणावर वेष्टन म्हणून राहतात. हे विधान सरसकट मान्य करणे आम्हांस शक्य नाही. गजपुटातील उष्णता ८००-९०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. तेथे डिंक, पिष्ट, प्रथिने यांपैकी काहीही मूळ रूपात उरत नाही. उरतात ते क्षार, राख आणि फार तर थोडा कार्बन. भावनेचे पुटापूर्वीचे कार्य मोठे आहे. ती मर्दन सुकर करते, चक्रिका बांधते आणि पुटात धातूशी संयोग पावणारी द्रव्ये पुरविते. पण पुटानंतर ती वेष्टन म्हणून शिल्लक असते, हे म्हणणे रसायनशास्त्रास धरून नाही.

मात्र आपल्याकडे दुसराही एक मोठा वर्ग आहे, आणि त्याकडे संशोधकांचे लक्ष फारच कमी गेले आहे. ज्यांत भस्म तयार झाल्यावर ते पुन्हा अग्नीस न दाखविता वनस्पतिद्रव्यात घोटले जाते, तो हा वर्ग. आरोग्यवर्धिनी पाहा : कज्जली, लोह, अभ्रक व ताम्र यांची भस्मे, त्यांत त्रिफळा, शिलाजतु, गुग्गुळ, कुटकी, आणि शेवटी निंबपत्ररसाची भावना. महायोगराज गुग्गुळ पाहा : अनेक भस्मे आणि रससिंदूर गुग्गुळाच्या चिकट राळेत कांडून बांधलेले. येथे वेष्टन खरोखर आहे, ते जळालेले नाही, आणि ते कणासकट रुग्णाच्या पोटात जाते. बहुवारिकयुक्त निर्यासात बसविलेले धातुकण, अर्थात संमिश्र पदार्थ, असे या कल्पांचे शब्दशः वर्णन करता येईल. अनुपानातील मध आणि तूप हेही याच अर्थाने शेवटच्या क्षणी दिलेले वेष्टन ठरू शकते.

यातून जे निष्पन्न होते ते व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सुट्या भस्माची परीक्षा करून संपूर्ण कल्पाविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. ताम्रभस्म उत्तम असेल. पण गुग्गुळ निकृष्ट, मर्दन अपुरे, निंबरसाची भावना नावापुरती असेल, तर आरोग्यवर्धिनीची गोळी एका ठिकाणी धातूने गच्च आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी अशी होईल. शाईचा नियम येथेही लागू आहे : घोटणे एक काम, बांधणे दुसरे; दोन्ही झाली तरच दौत भरते.

रेखापूर्णत्व, वारितर, निश्चंद्र, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा पुरेशा नाहीत काय, असा प्रश्न येईल. त्या परीक्षांविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे; उपकरणे नसलेल्या काळात इतक्या नेमक्या कसोट्या निर्माण करणे ही असामान्य बुद्धिमत्ता होय. परंतु प्रत्येक परीक्षा काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहिले पाहिजे. रेखापूर्णत्व सूक्ष्मता सांगते. वारितरत्व सूक्ष्मतेबरोबर पाण्याचा पृष्ठताण आणि कणाचे न भिजणे यांवर अवलंबून असते. अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा मुक्त धातू उरला आहे काय, ते सांगतात. आमाशयातील आम्लात धातूचा किती अंश विरघळेल, हे यांपैकी एकही परीक्षा सांगत नाही. ते सांगणे हा त्यांचा हेतूही नव्हता.

स्थिरतेच्या बाबतीतही तसेच. शार्ङ्गधराने चूर्ण दोन मासांनंतर हीनवीर्य होते असे म्हटले, आणि आसव, धातू व रसकल्प जुने होता होता अधिक गुणवान होतात असे सांगितले. कल्पाच्या रूपानुसार त्याचे आयुष्य बदलते, हा विचार त्यात स्पष्ट आहे. पण धातुकल्प चूर्णांत आणि निर्यासांत मिसळला की त्याला चूर्णाचा नियम लावावयाचा की धातूचा? वेष्टनातील वनस्पतिद्रव्य जुने झाल्यावर आतील कणाचे काय होते? हा केवळ पांडित्याचा वाद नाही. रुग्णाच्या घरी तीन वर्षे पडून राहिलेल्या डबीचा तो प्रश्न आहे.

सर्वांत कठीण प्रश्न : शिसे

आम्ही आरंभी ‘धोक्याचे’ हा शब्द वापरला, त्याचे कारण येथे आहे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद अथवा मल्ल आढळल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. २००८ साली याच गटाने १९३ उत्पादने तपासली, तेव्हाही प्रमाण सुमारे २१ टक्के आले; रसकल्पांत ते सुमारे दुप्पट होते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली औषधे घेणाऱ्या ६ गर्भवती स्त्रियांना शिशाची विषबाधा झाल्याचे तेथील आरोग्ययंत्रणेने नोंदविले. आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या शुद्ध वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शिसे १० भाग, मल्ल ३ भाग, पारद १ भाग आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष, अशा मर्यादा ठरल्या.

या मर्यादा वनस्पतिज औषधांसाठी आहेत. धातुकल्पात धातू हा घटकच असल्याने तेथे ‘किती’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘कोणत्या रूपात, कोणत्या वेष्टनात, आणि त्यातून किती सुटतो’ हा प्रश्न विचारावा लागतो. आणि नेमके येथे ‘नॅनो’ हा शब्द आपल्या विरुद्ध साक्ष देतो. कण जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक. पृष्ठभाग अधिक, तितके विरघळणे शीघ्र. लोहाच्या बाबतीत हे इष्ट असेल. शिशाच्या बाबतीत नाही. तेव्हा नागयुक्त कल्पाच्या डबीवर ‘नॅनो’ असे अभिमानाने छापणारा निर्माता नकळत आपल्याच औषधाविषयी चिंता वाढवितो. शोधनाने, पुटांनी शिशाचे रूप बदलते, ते गंधकाशी अथवा प्राणवायूशी संयुक्त होते, हे मान्य. पण संयुगाचे विरघळणे मोजल्याशिवाय ते निर्धोक म्हणणे हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे.

‘परंपरेने शतकानुशतके वापरले’ हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. परंतु परंपरेतील वैद्य स्वतः औषध करी, रुग्णास ओळखी, मात्रा गुंजेच्या अंशाने देई, पथ्य पाळून घेई आणि ठरावीक दिवसांनी ते थांबवी. आजचा रुग्ण दुकानातून डबी घेतो आणि महिनोन्‌महिने खातो. परंपरेचे नाव घ्यावयाचे तर तिची बंधनेही घ्यावी लागतील.

आपण काय करावे

आमच्या सूचना अशा आहेत. पहिली : ‘नॅनो’ हा शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र म्हणून आपण वापरू नये, आणि आपल्या अधिवेशनांत लागणाऱ्या जाहिरातींतही पुराव्याविना येऊ देऊ नये. केंद्र सरकारने २०१९ साली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. तो शब्द मिरवावयाचा तर त्या तोडीची तपासणी दाखवावी. दुसरी : प्रत्येक निर्मात्यास आपण लेखी विचारावे की, त्याच्या तयार कल्पात, केवळ भस्मात नव्हे, धातू कोणत्या रूपात आहे, आम्लात त्याचा किती अंश सुटतो, आणि वर्षभराने तेच आकडे येतात काय. एका वैद्याच्या पत्राला उत्तर येणार नाही. जिल्ह्यातील शंभर वैद्यांच्या पत्राला येईल. तिसरी : गर्भिणी, सूतिका आणि बालक यांना नागयुक्त कल्प देऊ नयेत, ज्यांनी ते दीर्घकाळ घेतले आहेत त्यांच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे. चौथी : धातुकल्प देताना निर्मात्याचे नाव, तुकडी क्रमांक, मात्रा, अनुपान आणि कालावधी यांची नोंद आपल्या वहीत ठेवावी, आणि विपरीत लक्षण दिसल्यास ते आयुष औषधांच्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावे. या नोंदींविना आपला अनुभव हा अनुभवच राहतो, प्रमाण होत नाही.

पाचवी सूचना संघटनेस आहे. प्रत्येक विभागीय शाखेने वर्षातून एकदा बाजारातून चार-पाच प्रचलित धातुकल्पांचे नमुने घ्यावेत आणि वर्गणीतून त्यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करावी. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते याच त्रैमासिकात छापावेत. खर्च वाटून घेतला तर तो एखाद्या सत्कारसमारंभाहून अधिक होणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक छोटे निदर्शनही सुचवावेसे वाटते. दोन सारख्या काचेच्या नळ्यांत एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात गाळलेले बाभळीच्या डिंकाचे पातळ पाणी घ्यावे. दोहोंत समान वजनाचे भस्म टाकून हलवावे आणि तळाशी बसण्यास लागणारा वेळ नोंदवावा. मग दोन्हींत चिमूटभर मीठ टाकून पुन्हा पाहावे. डिंकाने पाणी दाटही होते, त्यामुळे हा पुरावा नव्हे. परंतु कण आणि त्याचे वेष्टन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहण्यास तो पुरेसा आहे.

रसशास्त्राचा अपमान विदेशी टीकेने तितका होत नाही, जितका आपल्या उतावीळ स्तुतीने होतो. धातूला शरीराच्या उपयोगाचा करण्याची जी दीर्घ, कष्टसाध्य प्रक्रिया आपल्या आचार्यांनी घडविली, तिचे मोल एका परक्या शब्दाने वाढत नाही. ते वाढेल तर प्रत्येक कल्पाविषयी कण कोणता, वेष्टन कोणते, आणि पोटात गेल्यावर त्यांचे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण मोजून देऊ तेव्हाच. रुग्ण आपल्यावर विश्वासून डबी उघडतो. त्या डबीत काय आहे, हे आपणास त्याच्याहून अधिक ठाऊक असलेच पाहिजे.